मानीबाईचा शेक

फुलसावंगीच्या पलीकडच्या तांड्यात कुणाची मान धरली, कंबर लचकली, बाळंतिणीचं अंग दुखलं, की पहिला निरोप मानीबाईकडे जातो. ती येताना आपली वीट घेऊनच येते. वीट साधीच, भट्टीतली, एक कोपरा उडालेली. पण ती चुलीत किती वेळ ठेवायची, फडक्याचे पदर किती घ्यायचे, एरंडाचं तेल आधी की नंतर, हे तिलाच ठाऊक. गुंडाळलेली वीट ती आधी स्वतःच्या मनगटाला लावते. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे. त्या हिरव्या ठिपक्यांना चटका बसला नाही, तरच वीट दुसऱ्याच्या अंगाला लागते. चाळीस वर्षांत तिच्या शेकानं कुणाला फोड आला नव्हता.

आला तो तिच्या नवऱ्याला.

उन्हाळ्यात भीमसिंगला खोकल्यातून रक्त पडलं. पुसदला फोटो काढला, तिथून नागपूर. उजव्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन करून काढून टाका, असं मानीबाई पहिल्याच दिवशी म्हणाली. सर्जन म्हणाले, आज नाही जमणार. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून बसली आहे. आधी किमो आणि त्याच्या जोडीनं शेक, असे पाच आठवडे. त्यानं गाठ आकसली, वाहिनीपासून सुटली, तर ऑपरेशन. नाही सुटली, तर नाही.

एवढ्या बोलण्यातला शेक हा एकच शब्द मानीबाईच्या कामातला होता. तो तिनं घट्ट धरला.

दवाखान्यामागं त्यांनी एक खोली घेतली. किमो आठवड्यातून एकदा, शेक सोमवार ते शुक्रवार रोज. भीमसिंगच्या छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा काढल्या होत्या. त्यांना साबण लावू नका, असं बजावलं होतं. तो आत जायचा, जाड दार बंद व्हायचं, ती बाहेर बाकावर बसायची. एकदा तिनं विचारलं, आत कितपत गरम लागतं. तो म्हणाला, काहीच लागत नाही. हे काही तिला पटलं नाही. गरम न लागणारा शेक तिनं ऐकला नव्हता. इथल्या लोकांचा हातच हलका, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

तिसरा आठवडा संपला आणि पोळा आला. शनिवार, रविवार आणि सोमवारी सण. तीन दिवस मशीन बंद. दोघं तांड्यावर आले. मुलगा बबलू बैल धुवायला घेऊन गेला आणि मानीबाईला घरात राहवेना. तीन दिवसांचा खाडा. आकसत आलेली गाठ पुन्हा फुगली तर?

तिनं वीट चुलीत ठेवली. साबण लावलाच नाही. एरंडाचं तेल लावलं, वीट मनगटाला लावून पाहिली आणि शाईनं जिथं जागा दाखवली होती, नेमकं तिथंच शेकलं. तिन्ही दिवस. भीमसिंग डोळे मिटून पडून होता. म्हणाला, दवाखान्यापेक्षा हाच बरा.

मंगळवारी त्यानं सदरा काढला, आणि डॉक्टर दिपाली बघतच राहिली. शेकाच्या विभागातली ही तरुण डॉक्टर रोज त्याला तपासायची. रेघा पार पुसल्या होत्या. कातडी लालबुंद, वर दोन फोड. हे कशानं झालं, तिनं विचारलं.

"उन्हात झोपलो होतो," भीमसिंग म्हणाला. "तेल म्याच लावलं." बायकोकडे त्यानं पाहिलं नाही.

मानीबाई दाराशी उभी होती.

"खोटं बोलून राह्यले ते, मॅडम. मी शेकलं. तीन दिस खाडा पडत होता ना."

दिपालीनं मानीबाईला जवळ बसवलं आणि समजावलं. या शेकात उष्णता नसते, किरणं असतात, डोळ्यांना न दिसणारी. रेघा म्हणजे त्यांचा नेम. किरणांनी तिथली कातडी आधीच नाजूक झालेली, म्हणून मनगटाला सोसलेली वीट छातीला सोसली नाही.

"शब्द आमचाच आहे, मावशी," ती म्हणाली. "आम्हीच शेक म्हणतो. तुम्ही शेकलंत."

मानीबाईनं एवढंच विचारलं, "मंग आता ऑपरेशन गेलं का?"

दिपालीनं खोटा धीर दिला नाही. कातडी निवायला चार-पाच दिवस जातील. मग नवा स्कॅन, नव्या खुणा. राहिलेले दिवस पूर्ण करू. गाठ सुटते की नाही, ते शेवटीच कळेल.

नव्या खुणा पुसणाऱ्या नव्हत्या. सुईनं टोचलेले तीन ठिपके, कायमचे. पहिल्याच टोचणीला भीमसिंगनं पाय आखडले.

"एवढ्याशानं?" मानीबाईनं दोन्ही हात पुढे केले. "हे सारं गोंदलं तेव्हा मी नऊ वर्साची होती. रडली नाही."

"तू रडली असशीन," तो म्हणाला. "सांगत नाहीस."

कितीतरी दिवसांनी ती हसली.

उरलेले शेक झाले. त्या दिवसांत तिनं त्याच्या छातीला बोट लावलं नाही. सदऱ्याची बटणंसुद्धा तोच लावायचा. महिन्याभरानं पुन्हा स्कॅन झाला. सर्जन पडद्याकडे बघत होते, मानीबाई सर्जनकडे. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. सर्जन वळले आणि म्हणाले, सुटली.

फुप्फुसाचा वरचा भाग गाठीसकट निघाला. पाच तास लागले.

आता कापूस वेचणी चालू आहे. भीमसिंग अंगणात बाजेवर बसून फुप्फुसाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंच्या प्लास्टिकच्या डबीतून श्वास ओढतो. दोन चेंडू वर जातात, तिसरा अजून जात नाही. परवा त्याचा उजवा खांदा धरला.

"बबलूरी याडी," बबलूच्या आईला त्यानं हाक मारली, "जरा शेकून दे ना."

वीट पोळ्यापासून फळीवर पडून होती. मानीबाईनं आधी दिपालीला फोन लावला. खांद्याला चालेल, वरच्या बाजूनं, हलका, ती म्हणाली. छातीला नको.

मग चूल पेटली. मानीबाईनं त्याच्या छातीवर ओला टॉवेल टाकला, तिन्ही ठिपके झाकले जातील असा. वीट मनगटाला लावून पाहिली. चांगली होती. तरी तिनं फडक्याचा आणखी एक पदर घेतला.