डोक्यावर पाय

नांदुऱ्याच्या बाजारात पहिली चार मजली सिमेंटची इमारत उठवली ती कापसाचे अडते इंद्रभानभाऊंनी, महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी. जवळच्या मोताळ्याची माणसं खरेदी सोडून ती बघायला यायची आणि माना दुखवून घ्यायची.

खालचे मजले भाऊंनी भाड्याने दिले आणि स्वतः सगळ्यात वर राहायला गेले. कारण काय, तर "माह्या डोक्शावर कोनाचा पाय पडाले नाई पायजे." म्हणजे आम्हा बाकीच्यांची डोकी पायपुसणीच.

चैत्र लागला आणि स्लॅबखालचं घर भट्टीसारखं तापलं. पाणी वर चढेना, ते त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, घागरीने वाहायचं. त्यात भाडेकरणी कुरड्या वाळवायला गच्चीवर आल्या. दिवसभर भाऊंच्या टाळक्यावर धपधप. त्यांनी गच्चीला कुलूप ठोकलं. बायकांनी ओल्या कुरड्यांच्या खाटा त्यांच्याच दाराला आडव्या लावल्या. भाऊ घरात कोंडले, तेव्हा कुलूप निघालं.

रुखमाबाई म्हणाल्या, "आनखी एक मजला चढवा, मंग सुर्व्यालेच मांडीवर घेऊन बसा."

पुढे भाऊंचे गुडघे गेले, जिना चढवेना. खालचे भाडेकरू जागा सोडेनात. आता भाऊंची खाट जिन्याखालच्या खोपच्यात आहे, आणि दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत जो कोणी वर जातो, तो त्यांच्या डोक्यावर पाय देऊनच जातो.