डावीकडचा जोड

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी माझ्या नवऱ्याचे हात थरथरायला लागले. कोयलीच्या रिफायनरीत यांनी जन्मभर मीटर दुरुस्त केले होते. आता चहाची बशी धरली तरी हिंदकळायची.

घरात यांनी स्वतः बांधलेला अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर होते. स्पीकरच्या तारांचं आवरण तडकलं, तेव्हा नव्या तारा घरीच करायच्या, असं यांनी ठरवलं. घराच्या वायरिंगमधून उरलेली जाड, भरीव तांब्याची तार माळ्यावर होती. तारांच्या टोकांना लावायच्या पिना आणायला, मी शिकवायचे त्या शाळेतून परस्पर मांडवीच्या बाजारात गेले. दुकानदाराने तारेचा तुकडा बघितला आणि तो गुजरातीत म्हणाला, "बेन, आ पिन तो झीणा तार माटे छे." बारीक तारेच्याच पिना होत्या, दुसऱ्या नव्हत्या. त्याच घेऊन आले.

"टोक कानशीने घास, बसेल," हे म्हणाले. "मी सांगतो, तू कर."

आयुष्यात पहिल्यांदा मी सोल्डरिंग आयर्न हातात धरलं. हे शेजारी बसून सांगायचे. "आधी तार तापू दे. घाई करू नकोस. सोल्डर तारेवर आपोआप पसरलं पाहिजे." पण जाड तांबं सगळी उष्णता ओढून घ्यायचं, आणि तोवर पिनेचं प्लास्टिक मऊ व्हायचं. माझे पहिले जोड राखाडी, रवाळ झाले. ओढले की सुटायचे. चौथा मात्र चकचकीत बसला. यांनी तो ओढून पाहिला आणि मान हलवली. कितीतरी महिन्यांनी यांचा चेहरा असा खुललेला दिसत होता.

सगळे जोड झाल्यावर हे दोन्ही स्पीकरांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "डावीकडून कमी येतंय. हो ना?"

मला दोन्हीकडून सारखंच ऐकू येत होतं. पण आवाजातलं मला काय कळतंय, असं वाटलं. शिवाय इतक्या दिवसांनी हे कशात तरी रमले होते. यांना चूक ठरवणं जिवावर आलं. मी म्हणाले, "हो, जरा कमीच आहे."

मग डावीकडचे जोड तोडून पुन्हा केले. तरी कमीच. पिना खराब झाल्या, नव्या आणायच्या राहिल्या, शाळेत परीक्षा सुरू झाल्या. यात तीन आठवडे गेले. तिसऱ्यांदा जोड केले तेव्हाही यांनी तेच विचारलं आणि मीही तेच उत्तर दिलं.

मग हे उठले, खुर्ची उलटी फिरवली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसले.

"आता दुसरा स्पीकर कमी येतोय," हे हळूच म्हणाले. "जोड बरोबर आहेत. माझा डावा कान गेलाय."

मी स्पीकर बंद केले.

"तुला पहिल्यापासून सारखंच येत होतं?"

"हो."

"मग हो हो का म्हणत होतीस?"

मी उरलेली तार गुंडाळायला लागले.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून विचारलं, किती दिवस झाले? मी सांगितलं. असा अचानक गेलेला कान पहिल्या काही दिवसांत दाखवला तर औषधाने परत येण्याची शक्यता असते, आता फारसं हाती नाही, असं ते म्हणाले. यांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही.

परतताना रिक्षात मी म्हणाले, "माझ्यामुळे उशीर झाला."

मी यांच्या डाव्या बाजूला बसले होते. हे समोर रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने, मी काही बोलले असावे असं वाटून, मान पूर्ण वळवून यांनी विचारलं, "काय म्हणालीस?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्यानंतर तीन वर्षं हे होते. मी यांच्या उजवीकडे बसायची सवय लावून घेतली. आम्ही पुष्कळ बोललो. ते वाक्य मात्र माझ्याच्याने पुन्हा म्हणवलं नाही.