बोरोकाच्या धनुष्यातली पोकळ जागा

आमच्या गल्लीत मांजर हरवलं की बायका आधी वेंडेलच्या अंगणातल्या पातेल्यात डोकावतात. मांजरं उकळून तो लाकूड चिकटवायचा सरस करतो, अशी बातमी आहे. टिसा नदीकाठच्या या गावात बातमीला पाय नसले तरी बसायला घोडा मिळतो. माझं कुंपण त्याच्या कुंपणाला लागून, त्यामुळे मला नुसत्या वासावरून कळतं: पातेल्यात कसायाकडची कातडी असते आणि माशांच्या पोटातले फुगे. मांजरं त्या वासानं आपणहून पळतात. मीही पळाले असते, पण घर माझ्या नावावर आहे.

वेंडेल धनुष्यं करतो. तुतीचं लाकूड आणि त्याच्या पाठीवर बैलाच्या पायातल्या शिरांचं अस्तर. शिरा वाळवून ठेचायच्या, धागे सुटले की पोरीच्या केसांसारखे विंचरायचे, कोमट सरसात बुडवायचे आणि बोटांनी दाबत दाबत लाकडावर बसवायचे. मग महिनोन्महिने वाळू द्यायचं. धनुष्य वाकतं तेव्हा सगळा ताण पाठीवर येतो. अस्तर घट्ट असेल तर लाकूड टिकतं. अस्तर सुटलं तर ते ओढणाऱ्याच्या तोंडासमोर फुटतं. हे तो भेटेल त्याला सांगतो. एका लग्नात चक्क नवरीला सांगत होता.

यंदाचं धनुष्य त्याच्या पुतणीचं, बोरोकाचं. पोरगी घोड्यावरून बाण मारते आणि जिभेनंही मारते. रविवारच्या जत्रेतल्या शर्यतीसाठी ती वर्षभर थांबली होती.

त्या आठवड्यात एका सकाळी मी शेंगा सोलत होते. वेंडेल धनुष्य मांडीवर घेऊन त्याच्या पाठीवर बोटाचं पेर वाजवत होता. टिक, टिक, टिक. आणि मधेच एक 'ठप', पिकल्या भोपळ्यासारखा.

"काय रे, दार उघडत नाही का कोणी?" मी कुंपणावरून विचारलं.

एरवी त्यानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या दिवशी त्यानं मान वर केली नाही, पुन्हा तिथंच वाजवलं. ठप. शेंगा सोलायच्या सोडून मी उठून उभी राहिले.

तेवढ्यात बोरोका आली.

"अस्तर लावायच्या आधी लाकडाला कोणी हात लावला?" त्यानं विचारलं. राखेच्या पाण्यानं लाकूड धुतलं की मग त्याला कोणीही शिवायचं नाही. तो स्वतःसुद्धा त्या दिवशी केसांवरून हात फिरवत नाही.

"कोणी नाही."

"बोरोका."

"नुसता अंगठा फिरवला रे काका, एकदाच. किती गोरंपान दिसत होतं ते!"

"त्याआधी काय खाल्लंस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. जणू डबा मीच भरून दिला होता. "चरबी लावलेला पाव."

"वर कांदा होता का?" मी विचारलं. कोणी हसलं नाही.

"चरबीवर सरस बसत नाही," वेंडेल म्हणाला. "आत सुटलंय."

"अंगठ्याएवढी तर जागा! आणि तीनच फेऱ्या मारायच्यात."

"मोडतं एकाच फेरीत."

"मी दाखवते तुला," म्हणत तिनं दोरी चढवली आणि अर्धंच ओढलं. आतून 'टक्' असा आवाज आला, वाळलेला अक्रोड दाबल्यासारखा. बाकाखालचा कुत्रा उठला आणि फाटकाबाहेर निघून गेला. बोरोकानं दोरी हळूहळू सोडली. ओठ पांढरे पडले होते, जीभ मात्र तीच: "नवं धनुष्य बोलतंच. लाकूड माझ्या बापाच्या झाडाचं आहे, काका. रविवारी येऊन घेऊन जाईन. कुलूप लावलंस तर तोडीन."

तोडलंच असतं तिनं. वेंडेलला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मग नदीवरून धुकं आलं आणि गावातच बसलं. कपडे वाळेनात, मीठ पाझरायला लागलं, आणि सरसाला ओल म्हणजे विषच. शेजारून दिवसभर तोच आवाज येई. टिक, टिक, ठप. मग टिक, ठप, ठप. माझ्या हातून दोनदा रस्सा करपला. शनिवारी तर टिक ऐकू येण्यासाठी मी कान देऊन बसले होते.

रविवारी बोरोका घोड्यावरूनच आली, वेण्या घालून, ठेवणीतला कोट चढवून. अंगणात पातेल्यातून वाफ निघत होती. पाणी नुसतं गरम, त्याला सरसाचा वास. शेजारच्या लांब डोणीत, तसल्याच गरम पाण्यात, त्यानं धनुष्य बुडवून ठेवलं होतं. शिरांचं अस्तर सुटून सूपमधल्या शेवयांसारखं वर तरंगत होतं. खाली उघडं लाकूड. इतक्या महिन्यांचं काम.

ती घोड्यावरून घसरतच उतरली.

"मारलंस माझं धनुष्य! आता काय घेऊन जाऊ मी? सगळी जत्रा हसेल मला!"

वेंडेलनं हात पुसले. तो म्हणाला:

"अस्तर मी पुन्हा चिकटवीन. तुझं तोंड फुटलं तर ते चिकटवायला माझ्याकडे सरस नाही."