दुसऱ्या भागात माय नाही

सिनेमा ठीक होता. आधीच सांगून टाकते, कारण जगदेवची गोष्ट सांगायला लागले की मध्येच कुणीतरी विचारतं, "पण पिक्चर कसा होता?" ठीक. रंग भडक, गाणी जास्त, गोष्ट कमी. वाईट म्हणवत नाही आणि पुन्हा पाहावासा वाटत नाही. झालं समाधान? आता ऐका.

जगदेव माझा शेजारी. शेलूबाजारच्या चौकातून मंगरूळपीर, मालेगाव, वाशीम अशी जीप चालवतो. थोडी शेतीही आहे, पण गावाच्या लेखी तो जीपवाला. गाडीत मुंगी शिरायला जागा उरली नाही तरी रस्त्यावरच्या माणसाला म्हणणार, "या ना भाऊ, गाडी रबराची हाये." बायका चिडल्या की म्हणणार, "मावशी, मंगरूळपर्यंत तं सोबत हाये, जलमभर थोडीच बसाचं हाये!" माणसाला बोलण्याचं व्यसन. दुसरं नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचा एकुलता मुलगा हरीओम काविळीनं गेला. मागे सून पल्लवी आणि नात राखी. राखी आता सहा वर्षांची आहे. वर्ष उलटलं आणि जगदेवनं असं काही केलं की भावकी बघतच राहिली. सुनेसाठी तो स्वतः स्थळ शोधायला निघाला. निघाला म्हणजे काय, जीप चालवता चालवता शेजारी बसलेल्या पॅसेंजरला विचारायचा, "तुमच्या पाहन्यात कोनी चांगला पोरगा हाये का? पोरगी माही सून होये." ऐकणारा चपापायचा.

तुळसाबाई, त्याची बायको, माझ्यासमोर त्याला म्हणाली, "घरची सून दुसऱ्याच्या दारी नेऊन घालून राह्यले. लोक काय म्हनतीन?"

"लोक भाडं देऊन उतरून जातात," जगदेव म्हणाला. "ते सव्वीस वर्षांची हाये. आपन कितीक दिवस पुरनार हाओ तिले?"

शेवटी किन्हीराजाचा एक शेतकरी मिळाला. पहिली बायको वारलेली, माणूस सरळ. त्याच्या घरच्यांची एकच अट होती, पोरगी आजा-आजीकडे राहील. अट त्यांची हे खरं. पण ती ऐकून तुळसाबाईच्या जिवात जीव आला, हेही खरं. हरीओमचं म्हणून तेवढंच तर उरलं होतं. पल्लवीला कुणी फार विचारलं नाही. ती दोन दिवस जेवली नाही आणि मग हो म्हणाली.

त्यांच्यात विधवेच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणतात. चाल जुनी आहे आणि चांगली आहे. पण तिच्या शेपटाला एक दुष्टपणा बांधलेला आहे. पहिल्या घरच्या लेकरानं आईचा पाट पाहायचा नाही. त्या दिवशी लेकराला कुणीतरी गावाबाहेर नेतं आणि लेकरू परत येईपर्यंत आई गेलेली असते. मी संतापले. "जगदेव, हा काय मूर्खपणा? पोरीला जवळ घेऊन नीट सांगा."

"बाई, मले बी पटत नाई. पन पोरगी मांडवात दिसली अन् ते लोक अपशकून म्हनून उठून गेले तं? पल्लवीचं पुन्हा कोन पाहीन?"



पल्लवीनं सासऱ्याजवळ एकच मागणं मागितलं. "मामाजी, तिले रिकामं घर दाखवू नका. घरी यायच्या आंधी सांगजा. तुमीच सांगजा." जगदेवनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगतो."

राखीला कुठे न्यायचं हा प्रश्न नव्हता. वाशीमच्या टॉकीजला त्या सिनेमाचा दुसरा भाग लागला होता. पहिल्या भागात समुद्रातलं एक देवमाशाचं पिल्लू आईपासून हरवतं आणि शेवटी तिला सापडतं. मायलेकींनी तो एका खाटेवर पडून मोबाइलवर इतक्यांदा पाहिला होता की संवाद पाठ. जगदेव मला म्हणाला, "बाई, तुमी चला. एकट्याच्यानं नाई होनार."

गेलो. राखी नवा फ्रॉक घालून आमच्या मध्ये बसलेली.

दुसऱ्या भागात पिल्लू जरा मोठं झालेलं. एक बडबडा खेकडा त्याचा दोस्त, एक बुडालेलं जहाज, त्यात खजिना, मागे लागलेले शार्क. मारामारी आणि गाणी. थोड्या वेळानं राखीनं विचारलं, "आबाजी, याची माय कवा येते?"

"येईन ना. आता तं सुरू झाला."

मध्यंतरात त्यानं तिला पॉपकॉर्न घेऊन दिलं. पुन्हा अंधार झाला. "आता येईन का?"

"येईन. गप पाह्य."

मीही वाट पाहत होते, खोटं कशाला सांगू. कुणाला खजिन्याचं पडलंय? पण बनवणाऱ्यांनी आईला साफ गाळून टाकलं होतं. मेली म्हणून नाही, गेली म्हणून नाही, तिचं नावच नाही. सगळे मासे मिळून नाचले आणि दिवे लागले. लोक उठले. जगदेव पांढऱ्या पडद्याकडे बघत बसून राहिला.

बाहेर आल्यावर मी राखीला विचारलं, "कसा वाटला?"

"बरा हाये. पयला चांगला होता."

माझंही तेच मत. मी जगदेवला बाजूला घेतलं. "आता सांगा."

"गाडीत सांगतो."

गाडीत बसलो. वाशीमहून शेलूबाजारला दोन रस्त्यांनी जाता येतं, मालेगाववरून किंवा मंगरूळपीरवरून. मालेगावच्या रस्त्यावर किन्हीराजा लागतं. जगदेवनं गाडी मंगरूळपीरकडे वळवली.   फाट्याफाट्यावर माणसं हात करत होती, ओळखीची होती, याची गाडी थांबेना.

मंगरूळपीरला चहा सांगितला आणि तसाच ठेवला. मी कुजबुजले, "जगदेव, आता गाव येईल."

"मी सांगतो म्हनलं ना, बाई!" माझ्यावर तो पहिल्यांदाच खेकसला.

मंगरूळपीर मागे पडलं. दोन्हीकडे सोयाबीन. राखीच्या डोक्यातून ते काही जाईना. "पन आबाजी, त्याची माय गेली कुठं?"

जगदेवनं गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत म्हणाला, "तिचं लगन झालं."

"कोनाचं?"

"त्याच्या मायचं."

"देवमाशाच्या?"

"हो. किन्हीराजाले देली."

राखी खदखदून हसली. "किन्हीराजाले कुठं समुद्र हाये, आबाजी!" मीही हसावं म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मला जमलं नाही. तिनं पुन्हा आजोबाकडे पाहिलं. त्याच्या नाकावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

एक ट्रक गेला. जीप हलली.

"माही माय?"

त्यानं मान हलवली.

मला वाटलं आता ही आकांत करेल. मी पदर सारखा करून तिला घ्यायला तयार झाले. ती रडली नाही. सीटवर उभी राहिली आणि मागच्या काचेतून रस्ता पाहू लागली. जीपवाल्याची नात, या लाइनीवरची सगळी गावं तिला ओळीनं येतात.

"किन्हीराजा तं मालेगावच्या रस्त्यानं लागते," ती म्हणाली. "मंग आपन इकून कायले आलो?"

जगदेवनं चावी फिरवली. गाडी सुरू झाली. त्यानं ती पुन्हा बंद केली.

"माही हिंमत नाई झाली, बेटा."