गालाला गार लागलेली सुरई

परवा बाजारात नवा माठ गालाशी धरला आणि नव्वदच्या दशकातला लखनौचा, अलीगंजमधला आमचा मातीकामाचा वर्ग आठवला. आम्हा आठ बायकांची भांडी एकाच भट्टीत भाजायची होती.

"गाल से लगाकर देखिए, ठंडा लगे तो गीला है," शिकवणारे कुंभारचाचा म्हणाले. ओलं भांडं भट्टीत फुटतं.

माझी सुरई गार लागली. पण पुढची भट्टी महिन्याने लागणार होती. "सूख गई, चाचा," मी म्हटलं.

गोवऱ्या पेटल्या आणि आत फाट्कन आवाज झाला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माझ्या फुटलेल्या सुरईने शेजारची सगळी भांडी फोडली होती.

"आँच हमसे तेज़ हो गई," चाचांनी सगळ्यांची माफी मागितली आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं.

मी ठिकऱ्या वेचल्या. आधी माझ्या, कुणाला ओळखू येऊ नयेत म्हणून.