किल्ल्यांसाठी ठोकलेला खिळा

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी रडू नाही, रागच आला. काम अर्धवट टाकून जायची त्याची रीत नव्हती. महिना उलटला, पण राग काही उतरत नाही...

शनवारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी वाचनालयाचा तो ग्रंथपाल आणि माझा शाळेपासूनचा मित्र. या वाचनालयाची तऱ्हाच न्यारी. इथे पुस्तकं विषयवार नाहीत, कपाटवार. ज्या घराण्याने पुस्तकं दिली त्याचं कपाट, त्यावर आजोबांचं नाव आणि किल्ली त्या घरी. वाचकाने आधी घर शोधायचं, मग पुस्तक. सुधाकरला हे सहन होईना. सगळ्या कपाटांची एकच सूची करून इंटरनेटवर टाकायची, म्हणजे तापीपलीकडच्या माणसालाही घरबसल्या कळेल, हे त्याचं वेड. विकतचं परवडणार नव्हतं, म्हणून तो ओपन सोर्सच्या मागे लागला. म्हणजे कुणीही मोफत घ्यावं, हवं तसं बदलावं असं सॉफ्टवेअर. पहिलं आमच्या जुन्या कॉम्प्युटरला झेपेना. दुसऱ्यात मराठी नावांचे नुसते चौकोन दिसत. तिसरं जमलं, तर समिती आडवी आली.

"फोकटच्या चीजचा काय भरोसा? बिघडलं तर कुणाला पकडायचं?" अध्यक्ष म्हणाले. "आणि आमच्या आजोबांची पुस्तकं दुसऱ्यांच्यात मिक्स करून देशील तू!"

"अहो काका, पुस्तकं जागेवरच राहतील. नुसती नावं एकत्र येतील."

हे एकच वाक्य तो किती वर्षं बोलत राहिला! शेवटी प्रत्येक पुस्तकापुढे दात्याचं नाव दिसेल अशी सोय त्याने केली, तेव्हा कुठे सूची सुरू झाली. मग जो तो फोनवर आपल्याच आजोबांचं नाव काढून खूश. पुस्तक कोण शोधतंय! जैनाबादच्या एका बाईंनी शोधलं, नदी ओलांडून आल्या, तर किल्लीवाले लग्नाला शाहपूरला गेलेले. बाई कपाटाच्या काचेतून पुस्तक बघून परत गेल्या. त्याच दिवशी सुधाकरने आपल्या टेबलामागे भिंतीत एक खिळा ठोकला. सगळ्या घरांनी किल्ल्या इथे टांगाव्यात, एवढंच मागणं. एकही आली नाही.

"हा खिळा भरला ना, की मी सुटलो रे," तो मला म्हणायचा.

शोकसभेत सगळे भरभरून बोलले. अध्यक्ष तर सगळ्यात जास्त वेळ बोलले. सुधाकरच्या नावाने नवं कपाट करायचं ठरलं, झालंही. ज्याच्यावर सूची चालायची तो कॉम्प्युटर त्याची आठवण म्हणून त्यात ठेवला. कुलूप लावून. किल्ली अध्यक्षांच्या घरी.

"अहो, सूची बंद पडली की!" मी ओरडलोच.

"राहू द्या ना भाऊ, यादगार आहे त्याची. कोणी हात लावायला नको," अध्यक्ष म्हणाले.

काल पुन्हा वाचनालयात जाऊन आलो. टेबल तेच, खुर्ची तीच. टेबलामागचा खिळा मात्र आता रिकामा नाही. त्यावर सुधाकरचा फोटो टांगलाय, हार घालून.