लोटूने जपलेला जंतू

लोटू चिंधा महाले जंतू पाळायचा. हे ऐकून लोक हसत, आणि तोही त्यांना हसू देई. सुरतेत उधन्याच्या एका औषध-प्रयोगशाळेत तो मदतनीस होता आणि मी, योगिता, तिथेच डॉ. कुंदन बोरसे यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. तिघेही खानदेशातले. लोटू शिरपूरकडून लूमवर कामाला आलेला, शिक्षण जेमतेम सातवी. पण अकरा वर्षांत त्याच्या हातची जंतूंची एकही नळी नासली नाही. आम्हा पदवीवाल्यांच्या नळ्या मात्र दर आठवड्याला बुरसत.

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली, सगळ्या सुरतेने टेट्रासायक्लिन हे औषध फुटाण्यासारखं खाल्लं, आणि आमच्याकडे औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा सुरू झाली. डॉक्टरांनी त्यावर जोड-रेणू करायला घेतला. दोन वेगळी औषधं एका रासायनिक दुव्याने जोडायची, म्हणजे जंतूने एकाला चुकवलं तरी दुसरं त्याला गाठेल. तपासणीसाठीचा निगरगट्ट जंतू एका लूम कामगाराच्या चिघळलेल्या जखमेतून आला होता. लोटू त्याला ‘जावई’ म्हणायचा, कारण त्याचे लाड कधी संपत नसत. दर आठवड्याला ताजं खाद्य, आणि त्या खाद्यात जुन्या औषधाचा थेंब हवाच. तो धाक नसला की असा जंतू हळूहळू निगरगट्टपणा सोडतो आणि साध्या औषधानेही मरतो.

डॉक्टर लोटूशी अहिराणीत बोलत, त्याच्या डब्यातली कळण्याची भाकरी हक्काने खात. लोटू त्यांना दादा म्हणे आणि दादांसाठी जीव टाकी. मला या घरोब्याचं भारी कौतुक होतं. आता त्या कौतुकाची लाज वाटते.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात रेणू सपशेल आपटला. जावई मरेना. तेव्हा डॉक्टरांनी लोटूला खाद्यात औषध घालणं बंद करायला सांगितलं. मी शेजारच्या टेबलावरच होते.

“दादा, मंग तो नरम पडी जाई ना?”

“तू कर ना भो. मी शे ना.”

लोटूने ऐकलं. दोन-अडीच महिन्यांत जंतू मऊ झाला आणि रेणूने त्याला लोळवला. बशीत जंतू मेल्याच्या स्वच्छ गोल जागा दिसू लागल्या. डॉक्टरांना हार घातले, पेढे वाटले गेले, एका कंपनीने रेणू घ्यायची तयारी दाखवली. एक पेढा मीही खाल्ला.

लोटूला मात्र राहवलं नव्हतं. मूळ जावयाची एक नळी त्याने औषधाच्या खाद्यावर गुपचूप जिवंत ठेवली होती. कापसाच्या बोळ्याला साडीचा लाल धागा बांधून ती त्याने मला एकदा दाखवली. अकरा वर्षांची इभ्रत आहे, म्हणाला, अशी मरू कशी द्यायची?

मग कंपनीच्या माणसाने रुग्णालयातून त्याच जातीचा निगरगट्ट जंतू नव्याने आणून रेणू तपासला. जंतूचा केसही वाकडा झाला नाही. चौकशीची बैठक ठरली, आणि आमचा भोळा सांब आदल्या संध्याकाळी ती नळी घेऊन थेट दादांकडेच गेला. काळजी नको, अस्सल जंतू शाबूत आहे, दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या की सगळा उलगडा होईल, असं त्याने सांगितलं. दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारून नळी ठेवून घेतली.

बैठकीत डॉक्टर हिंदीत बोलले. “मैंने हमेशा दवा डालने को कहा था. लोटू से गलती हुई.”

सगळे लोटूकडे वळले. त्याने दादांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, “गलती मेरी है.” त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. माझ्या प्रबंधावर डॉक्टरांची सही व्हायची होती. मी वहीत रेघोट्या ओढत बसले.

फाटकापाशी मी त्याला गाठलं. का कबूल केलंस, म्हणून उलट त्याच्यावरच चिडले. तो शांत होता. दादांनी सांगितलं होतं, “आज तू आंगवर लई ले, मंग आपण नळी काढसूत.” चार दिवसांत परत बोलावतील, बायकोला, कमलला तर तो काही सांगणारसुद्धा नव्हता. मग त्याने विचारलं, “ती नळी फ्रीजमा नीट ठेयेल शे ना?”

आता गप्प राहणं मला जमलं नाही. डॉक्टरांनी ती स्वतःच्या हाताने वाफेच्या भांड्यात घालून उकळून मारली होती. एरवी त्या भांड्याला हात न लावणारा माणूस झाकण आवळत होता. काचेच्या कचऱ्यात लाल धागा मी डोळ्यांनी पाहिला होता.

लोटूने सायकलची मूठ घट्ट धरली.

“तुले कवय समजनं?”

“आज सकाळी.”

“आनि बैठक तीन वाजता व्हती,” तो म्हणाला, आणि सायकल हातात धरून चालत निघून गेला.